उंबरखिंड : पोराबाळांना घेऊन एका दिवसात बघून येण्यासारखी समरभूमी

आपल्या रायगड जिल्ह्यात किल्ले बघायला लांबलांबून लोक येतात. पण मोकळ्या रानात जिथं प्रत्यक्ष लढाई झाली, अशी जागा दाखवा म्हटलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. ती जागा म्हणजे खालापूर तालुक्यातली चावणी गावाजवळची उंबरखिंड. इथं शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडीत पकडून शरण आणलं. तारीख २ फेब्रुवारी १६६१ अशी सांगितली जाते.

लढाई समजून घेतल्याशिवाय तिथं जाण्यात अर्थ नाही. नाहीतर दहा मिनिटांत फोटो काढून मंडळी परत फिरतात आणि पोरं विचारतात, इथं बघायचं काय होतं?

तर झालं असं. शाहिस्तेखान १६६० साली पुण्यात येऊन बसला होता. चाकणचा किल्ला त्याने घेतला, मग त्याची नजर कोकणाकडे वळली. कल्याण, पनवेल, पेण, नागोठणे हा भाग घेण्यासाठी त्याने कारतलबखानाला मोठी फौज देऊन पाठवलं. सोबत माहूरची रायबागन होती. ही बाई स्वतः लढणारी, रायबागन म्हणजे राजवाघीण हा तिचा किताब. नेहमीचा बोरघाट सोडून खान मावळातून गुपचूप आला आणि कुरवंडे घाटाने खाली उतरायला लागला. महाराजांना बातमी आधीच लागली होती. त्यांनी घाटात अडवलं नाही. फौज पूर्ण खाली उतरू दिली.

इथंच खरी गंमत आहे. आपल्यापैकी भाताचा भारा डोक्यावर घेऊन डोंगराची वाट उतरलेल्या माणसाला हे लगेच कळेल. उतरताना रांग लावावी लागते, पुढचा थांबला की मागचे सगळे थांबतात, आणि लादलेलं जनावर एकदा उतारावर घातलं की मागं वळवता येत नाही. खानाजवळ घोडे, तोफा, दारूगोळा, सामानाचे बैल. दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि चढ. खाली आल्यावर पुढचं तोंड बंद, मागची घाटवाटही बंद. वरून बंदुका, बाण, दगड. पाण्यावाचून माणसं, जनावरं तळमळली. परमानंदाच्या ‘शिवभारत’ ग्रंथात या लढाईचं सविस्तर वर्णन आहे. शेवटी रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. महाराजांनी खंडणी घेतली, खानाचं सामान ठेवून घेतलं आणि त्याच्या लोकांना जिवंत परत जाऊ दिलं. नेताजी पालकरांना मोगलांवर नजर ठेवायला सोडून महाराज स्वतः तिथूनच पुढे दाभोळ, संगमेश्वर, राजापूरकडे गेले.

पोरांना सांगताना नुसतं कापाकापीचं सांगू नका. संख्येने मोठी फौज जागेमुळे कशी हतबल झाली, हे समोर डोंगर दाखवून सांगा. माझ्या मते पुस्तकातल्या धड्यापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

जायचं कसं? खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागायचं. इमॅजिका मागे टाकून पुढे शेमडी गाव येतं, तिथून आत चावणीकडे रस्ता जातो. एसटीने जाणाऱ्यांनी खोपोली-पाली गाडीला शेमडीला उतरावं, पण आतलं अंतर लहान पोरं, म्हातारी माणसं घेऊन चालण्यासारखं नाही. रिक्षा ठरवलेली बरी, आणि ती परतीचीही आधीच ठरवा. चावणीत कुणालाही ‘स्मारक कुठं’ म्हणून विचारलं तरी वाट दाखवतात.

स्मारक अंबा नदीच्या पात्रात आहे. दगडी बांधकाम, वर ढाल, तलवारी, भाले. तिथं उभं राहून कुरवंडे घाट आणि नागफणीच्या कड्याच्या दिशेला बघा. खान कुठून उतरला असेल याचा अंदाज त्या जागेवरच येतो. चालणारी तरणी मंडळी असतील तर लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातून घाटवाटेने चावणीत उतरतात. मात्र वाट माहीत असलेला माणूस सोबत हवा. लहान मुलांना घेऊन हा उद्योग करू नये.

आता महत्त्वाचं. पावसाळ्यात फोटो छान येतात म्हणून लोक जुलै-ऑगस्टमध्ये जातात आणि पोरांना पात्रात सोडतात. आपण इथलेच, आपल्याला माहीत आहे की खाली ऊन असलं तरी वर घाटात कोसळला की पाणी बघता बघता चढतं. अंबा ही डोंगरातून थेट उतरणारी नदी आहे. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की सगळं सोडून काठावर या. पोरंसोरं असतील तर पाऊस संपल्यावरच जावं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये दगड तापतात, सावली कमी.

पिण्याचं पाणी आणि डबा घरूनच न्या. भाकरी-चटणी, उकडलेली अंडी, काही चालेल. पण कागद, बाटल्या परत न्या. ज्या नदीत तुम्ही प्लेटा टाकता तिचंच पाणी खाली पालीकडून नागोठण्याला जातं. आणि तिथं बाटल्या फोडणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं, गुरांच्या खुरात काच जाते, भोगतो शेतकरी.

उंबरखिंड दोन-तीन तासांत होते. सकाळी लवकर ती केलीत तर दुपारी पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन, तिथंच जेवण आणि जवळच उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं, एवढं आरामात जमतं. सरसगड त्याच दिवशी धरू नका, त्याच्या पायऱ्या उंच आहेत. गाडी नसेल तर पालीहून परतीच्या एसटीची वेळ उतरल्या उतरल्याच स्टँडवर विचारून ठेवा.