मूठभर धान्याचा इतिहास

अन्नदानाचे माहात्म्य आमच्या ज्ञातिबांधवांस व भगिनींस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. दारी आलेल्यास विन्मुख पाठवू नये, हा संस्कार आपणां सर्वांवर घरातील वडीलधाऱ्यांनी केलेलाच आहे. परंतु त्या संस्काराचा कस लागतो तो सुकाळात नव्हे, दुष्काळात. म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातील काही प्रसंग येथे सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

१८७६ साली दख्खनेत पावसाने दगा दिला. धान्याचे भाव चढले, गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी. परंतु १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुराचे रोजचे धान्य एक पौंडावर आले. एवढ्यावर राबणाऱ्या देहाचा निर्वाह कसा व्हावा? मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच वर्षी जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांच्या अन्नाची सोय केली व त्याकरिता लोकांपाशी मदत मागितली. सावित्रीबाईंनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांस धाडलेल्या पत्रात जुन्नर भागातील माणसांचे व जनावरांचे हाल वर्णिले आहेत. स्वतःच्या पोटी अपत्य नसलेल्या या दांपत्याने परक्यांच्या लेकरांच्या तोंडी घास घातला, हे विसरून चालणार नाही.

दुसरा प्रसंग कर्मवीर भाऊराव पाटलांचा. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस जेवत. एकदा वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही काढून दिले. पुढे संस्थेस हातभार लागला तो मुष्टिफंडाचा. खेड्यातील गृहिणींनी रोज मूठभर धान्य बाजूस काढावे व ते मुलांच्या पोटी जावे, अशी ही योजना. देणाऱ्या पुष्कळजणी स्वतः गरीब होत्या; पण मूठ कोणाला जड झाली नाही.

तिसरा प्रसंग इतिहासाच्या पुस्तकातील नव्हे, आमच्या आठवणीतील आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी वयाचे होतो. आई खडी फोडण्याच्या कामावर जाई, आणि आम्ही सुकडीच्या रांगेत उभे राहत असू. एके दिवशी रांग आमच्यापर्यंत येण्यापूर्वीच सुकडी संपली. शेजारच्या आळीतील एका म्हातारीने आपल्या फडक्यातील अर्धी भाकरी आमच्या हाती ठेविली. ती आमच्या ज्ञातीची नव्हती. लाजेने आमची मान खाली गेली. तीही काही बोलली नाही. केवळ आम्ही खात असता पाहत राहिली, आणि तिच्या मुद्रेवर जे समाधान होते ते आम्ही आजवर विसरलो नाही. तिला त्या सायंकाळी अर्धपोटी निजावे लागले असेल, हे समजण्यास मात्र आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

पुढे शिक्षक झाल्यावर आम्ही डब्यात दोन भाकरी अधिक नेऊ लागलो. प्रार्थनेच्या वेळी ज्या मुलास भोवळ येई, त्यास काही निमित्ताने जवळ बसवून घ्यावे, एवढेच केले. त्यात मोठेपणा काही नाही. परंतु खरे सांगावयाचे तर पगारवाढीच्या दिवशीही ते सुख आम्हांस लाभले नाही.

दानाने भुकेचा प्रश्न समूळ सुटत नाही, त्यास काम व न्याय्य मजुरी हवी, हेही आम्ही जाणतो. १८७७ च्या मजुरांनी तेच सांगितले. परंतु न्याय येईतो पोट थांबत नाही.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने स्वयंपाकापूर्वी रोज एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकावे आणि वार्षिक संमेलनाच्या दिवशी ते एकत्र करावे. मात्र त्याचे वाटप करताना कोणाची ज्ञाती विचारू नये. आपली संस्था आपल्या माणसांसाठी आहे, असा आक्षेप काही बांधव घेतील. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, अर्धी भाकरी देताना त्या म्हातारीने आम्हांस आमचे आडनाव विचारले नव्हते.