फोटो ‘काढणे’ : वऱ्हाडातील छायाचित्र आणि हाताचे काम

मराठीत चित्र काढतात, रांगोळी काढतात, नकाशा काढतात आणि फोटोही काढतात. शेजारच्या भाषांत हा व्यवहार असा नाही. गुजरातीत चित्र ‘दोरतात’, पण फोटो ‘पाडतात’. बंगालीत चित्र ‘आंकतात’, पण फोटो ‘तोलतात’, म्हणजे उचलतात. हिंदीत चित्र बहुधा ‘बनवले’ जाते आणि फोटो ‘ओढला’ जातो. हाताने केलेली आकृती आणि यंत्राने उमटवलेली आकृती यांना या भाषांनी निरनिराळी क्रियापदे दिली. मराठीने मात्र हातासाठी रूढ असलेले क्रियापदच यंत्राला देऊ केले. वास्तविक संस्कृतात व जुन्या मराठीत चित्र ‘लिहिण्याची’ कल्पना रूढ होती. ‘चित्रलिखित’ हा शब्द तिचाच अवशेष होय. ‘लिहिणे’ मागे पडून ‘काढणे’ स्थिरावले आणि त्याच्या कक्षेत पुढे छायाचित्रही सहज येऊन बसले.

क्रियापद हा स्वतः इतिहासाचा पुरावा ठरत नाही. ‘काढणे’ या धातूचा मूळ अर्थ आतले बाहेर आणणे असा व्यापक आहे; विहिरीतून पाणी काढतात आणि सावकाराकडून कर्जही काढतात. म्हणून भाषेने सुचविलेली गोष्ट प्रत्यक्ष व्यवहाराशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. अमरावती, अकोला आणि त्यांच्या परिसरातील वऱ्हाडचा मुलूख या दृष्टीने तपासला असता असे आढळते की, येथे छायाचित्र आणि रेखन हे आरंभापासूनच एकमेकांना पूरक होते. छायाचित्राने चित्रकाराला हटविले आणि नंतर विसाव्या शतकात युरोपातील कलावंतांनी त्या दोहोंना पुन्हा एकत्र आणले, असा एक क्रम कलेतिहासाच्या पुस्तकांतून सांगितला जातो. १९१२ मधील पिकासोची चिकटचित्रे आणि पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना हॉख व राउल हाउसमान यांनी केलेली छायाचित्रांची जुळणी हे त्या क्रमातील टप्पे होत. युरोपापुरता तो क्रम कितीही ग्राह्य मानला, तरी वऱ्हाडला तो लागू पडत नाही.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. अजिंठ्याचे गाव आणि लेणी निजामी मुलखातच राहिली. तथापि ती वऱ्हाडच्या सीमेलगतच होती. तेथे मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल हा १८४० च्या दशकाच्या मध्यापासून भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती करीत होता. कंपनीने १८४४ मध्ये त्याची या कामावर नेमणूक केली होती. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. एकात ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात १०० द्विनेत्री, म्हणजे जोडभिंगातून पाहावयाची, चित्रे होती. वऱ्हाडातील लोणारच्या मंदिरांचीही छायाचित्रे त्याने घेतली. दोन वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनजवळील सिडनहॅम येथील स्फटिक प्रासादाला आग लागली आणि तेथे मांडलेल्या त्याच्या बहुतेक तैलप्रतिकृती जळून गेल्या.

गिलने कॅमेरा मिळाल्यावर कुंचला का टाकून दिला नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या रसायनात सापडते. कलोडियनची ओली काच लेप दिल्यानंतर काही मिनिटांतच वापरावी लागे. तिच्यावर मुख्यतः निळ्या व जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होई. तांबडा, पिवळा आणि गेरूचा रंग तिच्यावर काळाच उमटे. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू आणि पिवळी माती यांचेच राज्य आहे, आणि गुहेत प्रकाशही अपुरा. त्यामुळे दगडात कोरलेले खांब आणि मूर्ती कॅमेऱ्याच्या वाट्याला आल्या, तर रंगविलेली भिंत कुंचल्याच्या वाट्याला राहिली. ही विभागणी रुचीपेक्षा काचेच्या मर्यादेतून निर्माण झाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून त्याच चित्रांच्या प्रतिकृती पुन्हा हाताने करवून घेतल्या, त्याचेही कारण बऱ्याच अंशी हेच.

वऱ्हाडातील वास्तूंच्या अभ्यासातही अशीच जोडी दिसते. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड येथील प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली. १९३१ च्या त्यांच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांविषयीच्या ग्रंथात लोणारच्या दैत्यसूदनासारखी मंदिरे आली आहेत. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या मंदिराचीही त्यांनी पाहणी केली होती. असल्या ग्रंथांत छायाचित्राशेजारी हाताने काढलेला तलविन्यास असतो. छायाचित्र दगडाचा पृष्ठभाग दाखविते. पण गर्भगृहाची भिंत किती जाड आहे किंवा मंडपाचे कोन कसे वळतात, हे एका दृष्टिबिंदूतून दिसू शकत नाही. ते मोजून काढावे लागते. एकच वास्तू वाचकाला कळावी यासाठी दोन्ही साधने पानावर शेजारीशेजारी मांडली गेली.

या दोन उदाहरणांत हात आणि यंत्र शेजारी उभे आहेत. एकाच पृष्ठभागावर ते मिसळलेले नाहीत. ते मिश्रण घडले व्यक्तिचित्रात. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा सुरू झाली. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण होऊन अकोला आणि बडनेरा मुंबईशी जोडली गेली. कापसाच्या गाठी मुंबईकडे नेणाऱ्या या मार्गाने काचा, रसायने आणि कारागीर उलट दिशेने येणे सुकर झाले. जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्यावर तर फोटोचा धंदा मोठ्या शहराबाहेरही करता येऊ लागला.

परंतु कोरड्या काचेनेही रंगांचा पक्षपात सोडला नाही. हेर्मान फोगेल याने १८७३ मध्ये रंगद्रव्याच्या साहाय्याने काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही संवेदनक्षम करण्याचा मार्ग दाखविला. सर्व रंग टिपणाऱ्या काचा बाजारात यावयास विसावे शतक उजाडले. तोपर्यंत, आणि स्वस्त सामग्रीच्या बाबतीत त्यानंतरही, तांबडा रंग काळाच उमटत राहिला. या तांत्रिक दोषाचा मराठी घरातील अर्थ फार गंभीर होता. सवाष्णीच्या कपाळावरील कुंकू फोटोत काळे दिसे. उलट निळसर-हिरवे गोंदण अशा काचेवर फिके पडे. जे लग्नाच्या सौभाग्याचे चिन्ह ते काळवंडावे आणि जे अंगावर जन्मभर राहावयाचे ते पुसट व्हावे, असा हा उलटा न्याय होता. सावळ्या वर्णाच्या माणसाचा चेहराही प्रत्यक्षाहून अधिक काळा निघे. साहजिकच रंगारी हा फोटोच्या व्यवहाराचा अपरिहार्य घटक झाला. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहऱ्याच्या छाया सौम्य करणे, छापलेल्या कागदावर पारदर्शक जलरंग चढविणे, मोठ्या केलेल्या प्रतीवर तैलरंग किंवा खडू वापरून केस, दागिने आणि लुगड्याचा काठ उठविणे, अशी कामे हाताने होत. या संपूर्ण रंगकामात एक ठिपका मात्र अर्थाने सर्वांत जड होता, तो कुंकवाचा. तो घातला नाही, तर फोटो पुरा झाला असे कोण म्हणेल?

मिश्रणाचा दुसरा मार्ग पडद्याचा होता. बसणाऱ्याच्या मागे महिरपी, कठडे आणि बगिचे रंगविलेला पडदा टांगला जाई. शेतकरी किंवा कारकून खऱ्या खुर्चीवर आणि रंगविलेल्या राजवाड्यापुढे बसत असे. म्हणजे फोटो निघण्यापूर्वीच त्यात चित्र शिरलेले असे. मराठी नाटकाच्या पडद्यांची आणि या पडद्यांची कारागिरी एकाच कुळातील होती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) पडदे रंगविता रंगविता कॅमेऱ्याकडे वळले. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, फोटोचे दुकान आणि छापखाना असा प्रवास केला. चित्रपटापूर्वीच्या त्या पिढीला कुंचला, काच आणि छपाई हे तीन स्वतंत्र व्यवसाय वाटत नव्हते.

तिसरा मार्ग घरातल्या माणसांचा. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देवदेवतांची रंगीत छापील चित्रे घरोघर पोचली. त्या छापील चित्रावर जर, टिकल्या, मोती आणि कापडाचे तुकडे शिवून देवीला खरे वस्त्र नेसविण्याची हौस अनेक घरांतील स्त्रियांनी जोपासली. अशा छापील चित्रांनाही मराठीत ‘देवाचा फोटो’ म्हणतात, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘फोटो’ या शब्दाने येथे कॅमेरा सोडला आणि चौकट धरली. काचेआड चौकटीत बसलेली प्रतिमा म्हणजे फोटो. गाडगे महाराज (१८७६–१९५६) आणि तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) हे अमरावती परिसरातील संत छायाचित्रणाच्या काळात वावरले. म्हणून त्यांच्या बाबतीत ‘फोटो’ हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा ठरतो. देव्हाऱ्याजवळच्या त्यांच्या रंगीत प्रतिमेत चेहरा छायाचित्रावरून आलेला असतो, तर प्रभामंडळ आणि पार्श्वभूमी कुंचल्यातून. तिच्या काचेवर रोज लागणारे गंध हा हाताचा शेवटचा आणि नित्य नवा होणारा थर होय.

राजस्थानातील नाथद्वाऱ्यात यात्रेकरूंच्या चेहऱ्यांची छायाचित्रे कापून रंगविलेल्या पूजाचित्रात चिकटविण्याची प्रथा होती. तिची बरीच नोंद झाली आहे, कारण तेथे चितारी घराण्यांची परंपरा आणि संग्राहकांचे लक्ष ही दोन्ही होती. वऱ्हाडातील रंगविलेल्या फोटोला यांपैकी काहीच लाभले नाही. पुठ्ठ्यावर छापलेले असते ते फोटोच्या दुकानाचे नाव. ज्याने कुंकू तांबडे केले त्याचे नाव तेथे नसते; आणि जिने टिकल्या शिवल्या तिला तर नाव लिहावे अशी अपेक्षाही नव्हती. प्रत्येक प्रतिमा दोन हातांची, परंतु नोंद एकाचीच.

रंगीत फिल्म आणि रंगीत कागद स्वस्त झाल्यावर हा रंगाऱ्याचा धंदा संपला. आता दुसरा धोका उभा आहे. कुटुंबे जुने फोटो यंत्राने टिपून घेतात आणि मूळ प्रत, विशेषतः वाळवी लागलेली मोठी चौकट, टाकून देतात. टिपलेल्या प्रतीत चेहरा राहतो. पण रंगाचा उंचवटा, पेन्सिलीची दाब आणि शिवणीचा धागा राहत नाही. म्हणजे छायाचित्र वाचते आणि हाताचे काम नष्ट होते. स्फटिक प्रासादात गिलच्या तैलप्रतिकृती जळाल्या आणि छायाचित्रांची पुस्तके उरली. तेच येथे आगीवाचून घडत आहे. संग्रहालयांच्या सूचीत अशा वस्तू केवळ ‘छायाचित्र’ या रकान्यात पडल्या, तर त्या नष्ट झाल्याचेही कोणाला कळणार नाही.

म्हणून वऱ्हाडात अशा वस्तूंची नोंद करताना दोन रकाने असणे अवश्य आहे : काचेने काय टिपले आणि हाताने काय घातले. चौकटीची मागची बाजू, पुठ्ठ्यावरील छाप, रंगाचे थर यांबरोबरच घरातील वृद्ध स्त्रिया त्या वस्तूला कोणत्या शब्दाने ओळखतात, हेही टिपले पाहिजे. तसबीर, छबी आणि फोटो हे शब्द एकाच भिंतीवर वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरले जाऊ शकतात. आज छायाचित्रावर रेखाटणारे, कागद, धागा व माती चिकटवून वैयक्तिक कलाकृती घडविणारे तरुण कलावंत अमरावती-अकोल्यातही काम करतात. त्यांच्या कामाचे मूल्यमापन बर्लिनच्या मापाने करण्यापूर्वी येथील जुने माप हाताशी असावे. ते माप साधे आहे : जे काचेला टिपता आले नाही आणि तरीही ज्याच्यावाचून माणूस पुरा होत नव्हता, ते हाताने घातले काय?