चुंबकाची बाजू ओळखणारा सोन्याचा वर्ख

विद्युतधारा वाहणारी तार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धरली की ती एका बाजूला ढकलली जाते. वर्गात आपण हे फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने शिकवतो. पण ढकलले नेमके कोण जाते? तार, की तिच्यातून वाहणारी वीज? पाठ्यपुस्तक याबद्दल सहसा गप्प असते. मॅक्सवेलने मात्र १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उत्तर देऊन टाकले होते : बल असते ते वाहकावर, त्यातल्या धारेवर नव्हे.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा विद्यार्थी हा ग्रंथ वाचत होता. त्याआधी दोन वर्षे त्याने शाळांत मुख्याध्यापकी केली होती. मॅक्सवेलचे हे विधान त्याला पटेना. तारेत धारा नसेल तर बलही नसते, आणि बल ठरते ते धारेच्या प्रमाणात. तार जाड की बारीक याला महत्त्व नाही. मग बल तारेवर कसे? त्याने आपले प्राध्यापक रोलंड यांना विचारले. त्यांनाही तीच शंका होती आणि त्यांनी प्रयोगही करून पाहिला होता, पण हाती काही लागले नव्हते.

हॉलचा पहिला विचार असा : वीज खरोखरच तारेच्या एका कडेला दाबली जात असेल, तर तिला वाट अरुंद होईल आणि तारेचा रोध वाढेल. त्याने जर्मन सिल्व्हरच्या तारेचे चपटे वेटोळे चुंबकात ठेवून रोध काळजीपूर्वक मोजला. फरक पडला नाही. तेव्हा रोलंड यांच्या सल्ल्याने त्याने काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, त्यातून लांबीच्या दिशेने धारा सोडली आणि गॅल्व्हानोमीटरची टोके आडव्या बाजूंच्या दोन कडांना जोडली. २८ ऑक्टोबर १८७९ रोजी चुंबक सुरू करताच काटा सरकला. चुंबकाची दिशा उलटली की काटाही उलट बाजूला जाई. वीज कडेला जमते, पण जमलेली वीज मागून येणारीला थोपवते, म्हणून वाट अरुंद होत नाही. दोन कडांमध्ये विभवांतर मात्र उरते. त्यानंतर आठच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मॅक्सवेलचे निधन झाले.

इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठरा वर्षे होती, हे इथे लक्षात घ्यावे. लोखंडाच्या पत्र्यात काटा सोन्याच्या उलट दिशेला जातो हेही हॉललाच आढळले. हे कोडे फार काळ छळत राहिले. काही पदार्थांत धारेचे वाहक धनभारित असल्यासारखे का वागतात, याचा उलगडा १९२९ मध्ये पायर्ल्स यांनी पुंज सिद्धांताच्या आधारे केला. (लोखंडाचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे.) हॉल पुढे हार्वर्डला गेला. तिथे त्याने शाळकरी मुलांनी स्वतः करायच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांची यादी तयार केली. माझ्या मते हे कामही त्याच्या शोधाइतकेच मोलाचे आहे.

वर्खात मिळणारे विभवांतर अगदीच क्षीण होते. अर्धवाहकांत वाहक कमी असल्याने तेवढ्याच धारेसाठी त्यांना जास्त वेगाने जावे लागते, आणि विभवांतर कितीतरी मोठे मिळते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलचा पत्रा सिलिकॉनच्या चकतीवर, विवर्धकासह, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत बसवता आला. हाच आजचा चुंबकीय स्विच. जुन्या रीड स्विचमध्ये काचेच्या नळीतल्या दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींना चिकटतात. चुंबक उलटा धरला तरी त्या चिकटतातच. त्यांना दिशा कळत नाही. हॉलच्या पत्र्यात दिशा विभवांतराच्या चिन्हातच असते. एका प्रकारात दक्षिण ध्रुव समोर आला की स्विच लागतो आणि उत्तर ध्रुव येईपर्यंत लागलेलाच राहतो. ब्रश नसलेल्या मोटरमध्ये फिरत्या चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आहे हे अनेकदा असाच स्विच सांगतो, आणि त्यानुसार वेटोळ्यांतली धारा बदलली जाते.

मात्र एकट्या पत्र्याला कळतो तो क्षेत्राचा त्याच्यावर लंब असलेला भागच. क्षेत्र पत्र्याला समांतर असेल तर कितीही प्रबळ असूनही तो गप्प. म्हणून कोन मोजायचा असेल तिथे दोन पत्रे एकमेकांना काटकोनात बसवतात आणि दोघांच्या विभवांतरांच्या गुणोत्तरावरून व चिन्हांवरून दिशा काढतात.