प्रस्तावना: ‘मेन’ कुठे गेलं?

पहिल्या वर्षाला सी, दुसऱ्याला जावा, आणि मग घाटकोपर किंवा बोरिवली स्टेशनाबाहेरच्या पाट्या वाचून लावलेला अँड्रॉइडचा क्लास. उपनगरांतल्या बऱ्याच विद्यार्थ्यांची वाट अशीच असते. लूप, अ‍ॅरे, इनहेरिटन्स सगळं येत असतं. तरीही अँड्रॉइड स्टुडिओत पहिला प्रोजेक्ट उघडला की माणूस बावचळतो. फायलींची रांग समोर दिसते, पण प्रोग्राम सुरू कुठून होतो तेच सापडत नाही.

जावात ‘मेन’ तुमचं असतं; आधी काय, नंतर काय, हे तुम्ही ठरवता. अँड्रॉइडवर हा अधिकार प्रणालीकडे जातो. पडदा उभा करायची वेळ आली की ती तुमच्या ‘ऑनक्रिएट’ला हाक मारते, दुसरं अ‍ॅप पुढे आलं की ‘ऑनपॉज’ला. मेमरी कमी पडली, तर मागे पडलेली तुमची प्रोसेस ती न विचारता बंद करते. स्वतःचं बैठं घर सोडून सोसायटीत राहायला गेल्यासारखंच हे. माझ्या मते भाषेकडून प्लॅटफॉर्मकडे जाताना खरी अडचण इथेच येते. बाकीचं पाठ करून भागतं.

हा पेच नवा नाही. अंधेरीचं सीप्झ १९७३ मध्ये निर्यातीसाठी उभं राहिलं, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात तिथे टाटा बरोज ही संगणक कंपनी आली. कोबोल सगळीकडे कोबोलच. पण बरोजची एमसीपी आणि आयबीएमची कार्यप्रणाली यांचे स्वभाव निराळे. भाषा येत होती म्हणून यंत्र कळलं, असं तेव्हाही नव्हतं.

या पुस्तकात एकच अ‍ॅप शेवटपर्यंत वाढवत नेलं आहे: घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड यांपैकी स्टेशन निवडायचं आणि पुढची लोकल पाहायची. जावात हे एका संध्याकाळचं काम. फोनवर मात्र पडदा आडवा केला की अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे तो पडदा सांभाळणारा ऑब्जेक्ट, नव्याने बनते आणि साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं स्टेशन हरवतं. मुख्य थ्रेडवर जड काम घातलं आणि बोटाच्या स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळालं नाही, तर ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी झळकते. जवळचं स्टेशन शोधायचं, तर २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून अ‍ॅप चालू असताना परवानगी मागावी लागते, आणि ‘नाही’ हे उत्तरही पचवावं लागतं. शिवाय नेट नसतानाही वेळापत्रक दिसलंच पाहिजे; एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप वापरणाऱ्या प्रवाशाला त्याहून कमी चालणार नाही.

प्लॅटफॉर्म बदलतोही भराभर. गूगलने २०१७ मध्ये कॉटलिनला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ मध्ये तिला पहिली पसंती. मुख्य थ्रेडबाहेर काम करण्यासाठी जुन्या पुस्तकांत ठाण मांडून बसलेला ‘असिंकटास्क’ हा क्लास २०२० मध्ये अँड्रॉइड ११ बरोबर कालबाह्य ठरला. म्हणून अधिकृत दस्तऐवज वाचण्यावर मी एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे. परीक्षेच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे, तरी टाळू नये.

क्लास, इंटरफेस आणि एक्सेप्शन कळत असतील तर पुढे यावं. महागडा लॅपटॉप नको. एम्युलेटर जड जात असेल तर घरातला जुना अँड्रॉइड फोन आणि यूएसबी केबल पुरे. पहिल्या प्रकरणात फक्त सहा स्टेशनांची यादी पडद्यावर आणायची आहे.