वही कोणाच्या हातात

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यातली मोठी बाजारपेठ होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी इथे धान्य विकायला येत आणि सावकाराचं देणंही इथेच चुकवत. त्या दिवशी जमलेले लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कागद: वह्या, खतं, रोखे. हाती लागले ते त्यांनी जाळून टाकले. काही ठिकाणी धान्य लुटलं गेलं, घरांना आगी लागल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण पसरलं आणि ९५१ जणांना अटक झाली.

इतिहासाच्या पुस्तकांत हा ‘दख्खनचा उठाव’ म्हणून येतो आणि कर्ज, सारा, कापसाचे पडलेले भाव अशी त्याची कारणं सांगितली जातात. ती खरीच आहेत. रयतवारी साऱ्याची मुंबई इलाख्यातली घडी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवली ती इंदापूर तालुक्यातच, १८३५-३६ साली. त्या आकारणीची तीस वर्षांची मुदत संपल्यावर वाढीव साऱ्याचा बोजाही आधी याच मुलखावर आला. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरलेली. पण शेतकऱ्यांनी जाळायला कागदच का शोधले, याचं उत्तर व्यापाराच्या इतिहासात आहे. देण्याघेण्याची सगळी माहिती एकाच्या वहीत होती, आणि ज्याचा अंगठा त्या वहीवर होता त्याला ती वाचता येत नव्हती.

हे लोक एकत्र कसे आले, तेही पाहण्यासारखं आहे. आठवड्याचा बाजार, जत्रा आणि गावोगाव फिरणारे निरोप एवढीच त्यांची साधनं. उठावाच्या आधी शिरूरकडच्या गावांत सावकारांवर बहिष्कार पडला होता. त्यांच्या शेतात कोणी राबायचं नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत असं ठरलं होतं. उठावानंतर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात हिशेब उघडून पाहण्याची तरतूद आली. बारामती आणि इंदापूरच्या पुढच्या दीडशे वर्षांच्या धंद्याकडे या एका धाग्याने पाहिलं तर बरंच काही उलगडतं: वही कोणाच्या हातात आहे, आणि ती किती जणांना वाचता येते.

उठावानंतर वर्षभरातच १८७६ चा दुष्काळ पडला. नीरेच्या डाव्या कालव्याचं काम त्या दुष्काळातल्या मजुरांना रोजगार म्हणून सुरू झालं. १८८० च्या दशकाच्या मध्यावर पाणी वाहू लागलं आणि पुरंदरपासून बारामती ओलांडून इंदापूरपर्यंतच्या जिराईत पट्ट्याचं रूप पालटलं. पण कालवा आला म्हणजे पाणी आलं असं होत नाही. वरचा शेतकरी भरणं करत राहिला की ‘टेल’च्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला कोरडी चारी बघावी लागते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुण्याच्या पाटबंधारे खात्यात असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी यावर ‘ब्लॉक’ची पद्धत सुचवली. कालव्याच्या लांबीभर विखुरलेल्या उसाला पाणी देण्याऐवजी प्रत्येक गावात ठरावीक पट्टे आखायचे, त्यांत पिकांची फेरपालट करायची आणि पाणी जास्त गावांत पोचवायचं. बागाइतदारांचा आधी विरोध झाला, मग गावोगाव बोलणी झाली आणि पद्धत रुळली. तिच्यातला अभियांत्रिकीचा भाग त्यामानाने सोपा होता. अवघड होतं ते शेजाऱ्याशेजाऱ्यांचं पटवणं.

इथल्या माणसाच्या बोलण्यात आजही आवर्तन, शेजपाळी, पाटकरी, सात नंबरचा फॉर्म हे शब्द येतात. पाण्याची पाळी रात्री दोनला असेल तर दोनला उठावंच लागतं, आणि आपली पाळी संपल्यावर शेजाऱ्याला हाकही मारावी लागते. पुढे सोसायट्या आणि कारखाने चालवायला लागणारं वळण या चाऱ्यांवर पडलं, असं मानायला जागा आहे.

पाण्याने ऊस आणला, उसाने गूळ आणला आणि गुळाला बाजार लागला. १९१४ मध्ये दौंड-बारामती अरुंद रेल्वे सुरू झाली. ऊस मात्र भांडवल खातो: बेणं, पेंड, खत, गुऱ्हाळाचा खर्च, आणि पैसा हाती यायला वर्ष-दीड वर्ष. इथे पुन्हा सावकार आणि अडत्या उभे होतेच. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट मोकळी केली. १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत सहकारी बँक निघाली. आजच्या राज्य सहकारी बँकेचं मूळ तेच. वैकुंठभाई मेहतांनी दीर्घकाळ कारभार पाहिलेल्या या बँकेने मुंबईबाहेर सुरुवातीच्या ज्या शाखा काढल्या, त्यांत बारामती होती. कारण उघड होतं. नीरा कालव्यावरच्या ऊसवाल्यांना कर्ज हवं होतं, आणि ते फेडतील याची हमी गावातली सोसायटी देत होती. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, कोणाच्या विहिरीला पाणी आहे, हे मुंबईतल्या कारकुनाला कळण्यासारखं नव्हतं; सोसायटीच्या पंचांना ते तोंडपाठ होतं. गावाची ही माहिती प्रथमच कर्जाचं तारण म्हणून कामाला आली.

१९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबला वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला, हजारो एकरांवर ऊस लावला आणि गावाचं वालचंदनगर झालं. पुढे तिथे यंत्रं बनू लागली, अवकाश कार्यक्रमासाठीचे भागही बनले. तो एका उद्योजकाच्या जिद्दीचा इतिहास आहे आणि स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्याच काळात नीरेकाठी पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघालं. त्याने प्रसारित केलेला को ८६०३२ हा वाण आज महाराष्ट्रभर ‘नीरा’ या नावानेही ओळखला जातो.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभा केलेला सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना ही कल्पना खरी ठरली. त्याच दशकात बारामती तालुक्यात माळेगाव आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती कारखाना आला. साठच्या दशकात सोमेश्वर आला, नंतर बिजवडीला इंदापूर कारखाना.

या कारखान्यांची खरी यंत्रणा बॉयलरच्या बाहेर होती. ऊस तोडल्यावर तासागणिक वजन आणि साखर घटते, म्हणून दहा-पंधरा हजार सभासदांच्या शेतांतून रोज नेमका किती ऊस कोणत्या क्रमाने यावा हे ठरवावं लागतं. लागणीची तारीख नोंदवणारं गट ऑफिस, फडात चिठ्ठी घेऊन फिरणारा चिटबॉय, टोळीचा मुकादम, गाडीवान आणि काट्यावरचा कारकून अशी ही साखळी. फोन नव्हते तेव्हाही ती चालली, कारण प्रत्येक कडी म्हणजे ओळखीचा माणूस होता. तोच तिचा दोषही होता. ओळख असेल त्याचा ऊस लवकर तुटे. नसेल त्याला तुरा येईपर्यंत थांबावं लागे. काट्यावरच्या वजनाबद्दलचा संशय तर कारखान्यांइतकाच जुना आहे. वार्षिक सभेत सभासद उठून हिशेब विचारतात, आरडाओरडा होतो, सभा लांबते. बाहेरच्यांना तो गोंधळ वाटतो. पण ज्या मुलखात हिशेब पाहायला मिळत नाही म्हणून वह्या जाळल्या गेल्या, तिथे माइक हातात घेऊन हिशेब विचारता येणं ही फार मोठी कमाई आहे.

संगणक या मुलखात आला तो या पायावर. १९७१ साली बारामतीत अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट’ पाझर तलावांच्या कामातून वाढला, नंतर त्याने कृषी विज्ञान केंद्र चालवायला घेतलं. बारामतीच्याच विद्या प्रतिष्ठानने ‘वसुंधरा वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र काढलं. आणि २००३ च्या सुमारास मुंबईच्या आयआयटीतल्या संगणकतज्ज्ञांनी ‘अ‍ॅक्वा’ नावाची व्यवस्था उभी केली. शेतकऱ्याने मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत प्रश्न विचारायचा, हवा तर रोगट पानाचा फोटो जोडायचा, आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांनी उत्तर द्यायचं. पाबळचा विज्ञान आश्रमही या कामात होता.

त्या काळाचा विचार केला तर हे धाडस मोठं होतं. मराठी टंकलेखन सरळ होत नव्हतं, गावात वीज टिकत नव्हती, इंटरनेट तालुक्याच्या सायबर कॅफेत. तरीही ‘अ‍ॅक्वा’ने एक नवी गोष्ट केली. आधी शेतकरी तज्ज्ञाला गाठे, सल्ला घेई आणि तो सल्ला त्याच्याजवळच राही. इथे एकाच्या डाळिंबावरच्या डागाचं उत्तर दुसऱ्या तालुक्यातल्याला वाचता येत होतं, पुढच्या हंगामातही सापडत होतं. उत्तर देणाऱ्यालाही जपून लिहावं लागत होतं, कारण ते सगळ्यांसमोर राहणार होतं. ज्ञानाची वही पहिल्यांदाच उघड्यावर आली. मोबाइलवर फोटो पाठवून कीड विचारणारा आजचा तरुण शेतकरी हे सगळं सहज करतो. त्याची पहिली पायवाट बारामतीच्या तज्ज्ञांनी आणि त्या मोजक्या प्रश्नकर्त्यांनी पाडली, याची नोंद व्हायला हवी.

त्याच सुमारास कोल्हापूरकडे वारणानगरला एक वेगळा धडा मिळत होता. तात्यासाहेब कोरेंनी उभ्या केलेल्या वारणा समूहात १९९८ पासून सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प चालू होता. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण अशी त्याची मोठी स्वप्नं होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथे येई तो मुख्यतः आपल्या उसाची नोंद, वजन आणि खताचा हिशेब पाहायला. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी हे ओळखलं आणि सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून एसएमएसवर तीच माहिती द्यायला सुरुवात केली. काम भागलं, खर्चही घटला. शेतकऱ्याला आधी काय हवं होतं? आपल्या मालाचं वजन. १८७५ च्या सुप्यातल्या माणसालाही आधी आपलाच हिशेब बघायचा होता.

आता काट्यावर गाडी उतरली की वजनाचा संदेश मोबाइलवर येतो. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ अ‍ॅप काढलं आणि नोंदीसाठी गट ऑफिसच्या पायऱ्या चढण्याची गरज कमी केली. बारामतीच्या बाजार समितीत रेशीम कोषांचे ऑनलाइन लिलाव होतात. इंदापूरचा डाळिंब उत्पादक तोडणीच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर इंदापूर, सांगोला आणि पुण्याचे भाव ताडून गाडी कुठे लावायची ते ठरवतो. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा शेतकऱ्यांच्या गटांनी याच फोनवर पुण्यातल्या सोसायट्यांच्या मागण्या गोळा केल्या आणि माल दारात नेला.

इंदापूर तालुक्यातल्या भिगवणची गोष्ट थोडी निराळी. १९८० मध्ये उजनी धरण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. त्या पाण्याने मासेमारीचा नवा धंदा दिला आणि भिगवणला मासळीचा मोठा बाजार उभा राहिला. इथला लिलाव मात्र आजही समोरासमोरच रंगतो. कटला, रोहू, चिलापी टोपल्यांतून येतात, बोली लागते, माल गाडीत चढतो. ताज्या माशाचा डोळा आणि कल्ला फोनच्या पडद्यावर पारखता येत नाही.

२०२४ पासून बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने सुमारे हजार ऊस उत्पादकांसह कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. शेतात हवामान यंत्र, जमिनीत संवेदक, वर उपग्रह. आणि पाणी कधी, खत किती याचा मराठी संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी या कामाची जाहीर दखल घेतली आणि बारामतीचं नाव जगभर गेलं. पाण्याची आणि खताची बचत खरोखर होत असेल, तर नीरेच्या टेलवरच्या शेतकऱ्यासाठी यासारखी आनंदाची गोष्ट नाही. पण या नव्या वहीत आता जमिनीचा ओलावा, पिकाची वाढ आणि उत्पन्नाचा अंदाज लिहिला जातो आहे. ऊस तुटायच्या आधीच त्याचं वजन कळू शकणारी ही माहिती शेतकऱ्याच्या मालकीची राहील, ती कारखान्याच्या वार्षिक सभेत विचारता येईल, अशी तजवीज आत्ताच व्हायला हवी. हजार शेतकऱ्यांवर असताना ते सोपं आहे. लाखांवर गेल्यावर ते राहणार नाही.

आणि या सगळ्या जाळ्यांत एक माणूस अजून सभासद नाही. बीड-नगरच्या जिराईत गावांतून दर हंगामाला येणारा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन येतो. जोडीने कोयता चालवायचा, आणि हिशेब मुकादमाच्या वहीत. उसाचं वजन मालकाच्या फोनवर जातं. तो ऊस तोडून मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईच्या फोनवर तिचं दिवसभराचं काम किती टन भरलं हे जात नाही. तंत्राच्या दृष्टीने त्यात काहीही अवघड नाही. काट्यावरचा आकडा तोच आहे, फक्त आणखी एका क्रमांकावर धाडायचा आहे.

या कामगारांच्या तोडणीचा दर कोणत्याही अ‍ॅपवर ठरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना पुण्यात समोरासमोर बसल्या, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांनी मध्यस्थी केली आणि ३४ टक्के वाढ मान्य झाली. तो वाढीव दर प्रत्येक कोयत्यापर्यंत किती पोचला, हे मुकादमांच्या वह्यांत लिहिलेलं आहे.