नियामक बी पेशी : एका दुर्लक्षित निरीक्षणाचा इतिहास

बी पेशी म्हणजे प्रतिपिंडे निर्माण करणारी पेशी, ही व्याख्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाली आणि या पेशीचे दुसरे कार्य बराच काळ तिच्याआड झाकले गेले. वास्तविक १९७४ मध्येच कॅट्झ, पार्कर व टर्क यांनी गिनीपिगवरील प्रयोगांतून बी पेशी विलंबित अतिसंवेदनशीलतेला आवर घालतात, असे दाखविले होते. परंतु १९८० च्या दशकात दमनकारी पेशींची संकल्पनाच संशयास्पद ठरली. त्यासाठी गृहीत धरलेले जनुक अपेक्षित जागी सापडले नाही. ही फजिती टी पेशींच्या संशोधनातील. तिची झळ मात्र बी पेशींनाही लागली असावी.

१९९६ मध्ये जेनवे यांच्या गटाला असे आढळले की, बी पेशी नसलेल्या उंदरांत मेंदू व मज्जारज्जूचा प्रायोगिक दाह सुरू होतो, पण सहसा ओसरत नाही. म्हणजे रोग उद्भवण्यास बी पेशी आवश्यक नव्हत्या, सावरण्यास होत्या. याचा उलगडा २००२ मध्ये फिलात्रो व सहकाऱ्यांनी केला. केवळ बी पेशींतील इंटरल्यूकिन-१० नाहीसे केले, तरी उंदीर सावरत नाहीत. हे प्रथिन दाहकारक टी पेशींच्या प्रतिसादाला लगाम घालते. त्याच वर्षी मिझोगुची व भान यांच्या गटाने आतड्याच्या दाहाच्या अभ्यासात अशा पेशींना 'नियामक बी पेशी' म्हटले.

प्रश्न उंदरांपुरता राहिला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत बी पेशींना लक्ष्य करणाऱ्या अ‍ॅटासिसेप्टने रोगाचे झटके वाढले व चाचणी थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट बी पेशी घटविणाऱ्याच ओक्रेलिझुमॅबला २०१७ मध्ये अमेरिकेत त्याच रोगासाठी मान्यता मिळाली. कोणत्या बी पेशी जातात आणि कोणत्या उरतात, यावर परिणाम अवलंबून असावा. नियामक टी पेशींना फॉक्सपी-३ ही ओळख लाभली. नियामक बी पेशींची तशी एकच सर्वमान्य खूण अद्याप हाती आलेली नाही.