कर्त्याचे स्थलांतर : मुंबईच्या व्यवहारलेखनातील इंग्रजी क्रियापदरचना

१

मराठी गद्यावरील इंग्रजीच्या परिणामाची चर्चा आपल्याकडे प्रायः शब्दसंग्रहाच्या अंगाने झालेली आहे. वस्तुतः शब्दांची उसनवारी ही भाषेच्या इतिहासातील तुलनेने वरवरची घटना होय. परळ-लालबागच्या गिरण्यांत 'डिसमिस करणे', 'ओव्हरटाइम करणे', 'ट्रान्स्फर होणे' अशी क्रियापदे रुळली, तेव्हा इंग्रजी शब्दाला केवळ नामाची जागा मिळाली. काळ, लिंग आणि वचन यांचा भार 'करणे', 'होणे' या मराठी धातूंनीच वाहिला. हा साचाही नवा नव्हता. 'कबूल करणे', 'मंजूर करणे', 'रवाना होणे' या रूपांनी फार्सीशी झालेल्या व्यवहारात तो पूर्वीच सिद्ध झालेला होता. तेव्हा खरा प्रश्न शब्दांचा नसून रचनेचा आहे : इंग्रजी वाक्यातील कर्ता आणि क्रिया यांचे नाते मराठी व्यवहारलेखनात कोणत्या रूपाने उतरले?

२

या प्रश्नाचा आरंभ मुंबईतच शोधावा लागतो. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यात एकाच पृष्ठावर इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी असत. मराठी वाक्य इंग्रजी वाक्याच्या सोबतीने वाचण्याची सवय येथे छापील रूप घेते. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तकांची भाषा घडली आणि विरामचिन्हेही रूढ झाली. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठीच्या तत्कालीन स्थितीचाच विषय प्रथम हाती घ्यावा, हे सूचक आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांना तर एका भाषेतील प्रत्येक क्रियारूपासमोर दुसऱ्या भाषेतील एक रूप ठेवण्याचे वळणच लागले.

या समीकरणात एक घोटाळा दडलेला होता. इंग्रजीतील 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणजे मराठीतील कर्मणी प्रयोग, असे शिकविले गेले. परंतु 'मालकाने गिरणी बंद केली' हे वाक्य मराठीत कर्मणीच आहे. क्रियापद 'गिरणी'च्या लिंगवचनानुसार चालते; तरीही मालक वाक्याच्या अग्रभागी उभाच राहतो. मराठीचा कर्मणी प्रयोग कर्त्याला तृतीया देतो, रजा देत नाही. 'गिरणी बंद केली गेली' या वाक्यात मात्र कर्त्याची गरजच उरत नाही. आणलाच तर 'मालकाकडून' असा मागाहून चिकटवावा लागतो. आपल्या व्याकरणांनी या रचनेला 'नवीन कर्मणी' हे नाव दिले आहे. त्या नावातील 'नवीन' हे विशेषणच तिचा इतिहास सांगते.

३

मात्र कर्त्याला मागे ठेवणे ही केवळ इंग्रजीची देणगी मानणे हा अतिसुलभ निष्कर्ष ठरेल. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपे विपुल आहेत. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस येणारे 'जाणिजे' हे त्याच परंपरेतले आणि आपला नित्याचा 'म्हणजे' हा तिचाच अवशेष होय. 'कळावे, लोभ असावा' या समाप्तीतही कर्ता अनुक्त आहे. पण तो अनुक्त असला तरी अज्ञात नसतो. पत्र लिहिणारा आणि वाचणारा परस्परांना ओळखतात. त्या ओळखीच्या आधारावरच कर्त्याचा उच्चार टळतो. गिरगावातील चाळीच्या गणेशोत्सवाच्या पत्रकात 'वर्गणी स्वीकारली जाईल' असे वाक्य असते, तेव्हा तेथेही हाच संकेत चालू राहतो. रूप नवे, परंतु नाते जुने. कर्ता लपलेला नसतो, संकोचाने मागे सरलेला असतो.

कचेरीच्या सूचनेत हे नाते पालटते. 'कळविण्यात येत आहे', 'कमी करण्यात येत आहे', 'कारवाई करण्यात येईल' या साच्यांत क्रियेचे आधी नाम होते आणि मग ती जणू आपण होऊन 'येते'. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली संमत झाला. राज्यकारभार मराठीत आला, परंतु टिपणीची वाक्यरचना पुष्कळशी इंग्रजी मसुद्याचीच राहिली. म्हणजे भाषा बदलली आणि क्रियापदाचा अधिकार होता तेथेच राहिला.

४

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संपाची भाषा स्वभावतःच कर्तरी असते : आम्ही काम करणार नाही. व्यवस्थापनाची भाषा 'बंद करण्यात येत आहे' या वळणाची. या दोन वाक्यांतील अंतर केवळ शैलीचे नाही. पहिल्या वाक्यातील कर्त्याला जाब विचारता येतो आणि त्यालाच शिक्षाही होऊ शकते. दुसऱ्यात जाब विचारावा असे कोणी व्याकरणाच्या कक्षेत उरतच नाही. ज्यांच्यापाशी सत्ता कमी, त्यांनी प्रथमपुरुषी बोलावे आणि ज्यांच्यापाशी ती अधिक, त्यांनी कर्त्याविना बोलावे, असा हा विषम करार आहे.

गिरण्या गेल्या, पण हा साचा टिकून आहे. जुन्या चाळीच्या जिन्याखाली 'इमारत धोकादायक घोषित करण्यात आली आहे' अशी नोटीस लागते, तेव्हा रहिवाशाला अर्थ समजतो. कोणी घोषित केली, हे मात्र वाक्य सांगत नाही. मराठी शुद्ध राहिली की नाही, या वादात आपल्या समीक्षेने पुष्कळ शक्ती वेचली. त्याऐवजी अशा वाक्यापुढे 'कोणी?' हा प्रश्न सातत्याने विचारला, तर व्याकरण आणि इतिहास यांची गाठ अधिक नेमकी पडेल. 'ने' हा प्रत्यय मराठीत अद्याप जिवंत आहे. तो कोठे गाळला जातो आणि त्या गाळण्यात कोणाचे हित असते, हे पाहणे म्हणजेच व्यवहारभाषेची समीक्षा होय.